चाकाखालचे गोटे

"तुळशीराम, तुह्या फयानं माही गाडी घालवली!"

नगरपालिकेच्या नळ खात्यातला तुळशीराम तेव्हा गल्लीच्या तोंडाशी, व्हॉल्वच्या खड्ड्यावर उकिडवा बसला होता. लांब दांड्याची चावी दोन्ही हातांनी फिरवत होता आणि खालच्या पाइपात पाणी सुटल्याची घरघर तळव्यांना लागते की नाही, याकडे त्याचं सगळं ध्यान होतं. आवाज डोक्यावरून आला. वर पाहतो तर देवकाबाई. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, काखेत गाठोडं, आणि एवढ्या थंडीत कपाळावर घाम. संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारी ही बाई त्याच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. त्याला चड्डीत असल्यापासून अरेतुरे करणारी. तिचा ओरडा खाणं त्याला नवीन नव्हतं. नवीन होता तो फळ्याचा उल्लेख. घराच्या भिंतीवरच्या त्याच्या फळ्याबद्दल सबंध पांढुर्ण्यात आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही. आणि आज, नेमक्या आजच्या दिवशी, ही बाई भर रस्त्यात त्याच फळ्यावरून त्याला फैलावर घेत होती.

"दोन गोटे होते चाकाखाली. दोन! पाहाटे पानी भराले निंगाली तवा म्या सोता पाह्यले. म्हटलं, लय टाइम हाय. भाकरी थापल्या, खाल्ल्या, नातीचं अंगडं-टोपडं बांधलं आन् आरामात गेली ठेसनावर. त गाडी कवाच निंगून गेलेली! वंदनाच्या पोरीचं नाव ठेवून राह्यले आज काटोलले, दुपारच्याले. दुपारची गाडी पोचस्तोर नाव ठेवून होईन. मी आजी हो तिची! आजी नाही आन् नाव ठेवतीन?"

"मावशी, पन तुले..." तुळशीराम म्हणाला आणि थांबला. 'तुले कुठं वाचता येते' हे जिभेवर आलेलं वाक्य त्यानं तसंच गिळून टाकलं.

"काय पन? मी चालली तुह्याच घरी. शकुंतलेले सांगतो तुहा पराक्रम. ये लवकर!" असं म्हणून ती गाठोडं सावरत फणकाऱ्यानं निघूनही गेली. चावी त्याच्या हातात तशीच राहिली. खाली पाणी सुटलं होतं. गल्लीतल्या पहिल्या घराच्या नळानं खोकल्यासारखा आवाज काढला, मागोमाग बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. त्याला मात्र हातांत काही लागत नव्हतं. दोन गोटे. खरंच होते की. कालचे होते ते. काल सकाळी पॅसेंजर खूप लेट होती आणि त्यानं चाकाखाली दोन गोटे काढले होते. आज फळ्याचा मधला भाग त्यानं ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसला, नव्यानं लिहिला, पण कोपऱ्याकडे पाहिलंदेखील नाही. स्टेशनवर विचारायला गेलाच नाही. आज कशाला जायचं, असं त्याला वाटलं होतं. आज तर फळाच बंद होणार होता.

पुढच्या व्हॉल्वकडे जाता जाता त्याला तो फळा दिसत राहिला. रस्त्याकडच्या भिंतीत बसवलेला, शाळेतल्यासारखा सिमेंटचा. त्याचा काळेपणा हा तुळशीरामचा खास अभिमान. रेडिओतले सेल मेले की तो ते फोडायचा, आतला कोळसा पाट्यावर वाटायचा, त्यात वालाच्या पाल्याचा रस घालायचा आणि तो लगदा फडक्यानं फळ्यावर फासायचा. एक सबंध दिवस वाळू द्यायचा. त्या दिवशी लिहायचं नाही, कितीही मोठी बातमी असो. ज्या सेलांवर बातम्या ऐकल्या त्याच सेलांच्या काजळीवर त्या लिहायच्या, याची त्याला मनातल्या मनात मोठी गंमत वाटे. ही गंमत कोणाला सांगावी असंही वाटे, पण सांगणार कोणाला? बायकोला, शकुंतलेला, सांगितली तेव्हा ती म्हणाली, "माह्या पाट्यावर मंग चटनी कशावर वाटू, ते लिहा एकदा तुमच्या फयावर." तेव्हापासून त्यानं वेगळा दगड आणला.

लिहायचा काय? रेडिओवर ऐकलेलं, नागपूरच्या पेपरात वाचलेलं, आणि थोडं आपलं. आपलं म्हणजे काय ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कधी जाम नदीच्या पाण्याबद्दल चार ओळी, कधी संत्र्यावरच्या रोगाबद्दल, कधी नुसतंच 'काल आभाळात फार चांदण्या होत्या, कोणी पाहिल्या का?' असं. पण त्याचा खरा जीव होता तो लिहिण्याच्या नव्या नव्या तऱ्हांवर. जगात अक्षरं कशी कशी उमटून राहिली, याच्या बातम्या तो हावरटासारखा वाचायचा. कुठं नवी छपाईची यंत्रं आली, कुठं कॉम्प्युटर आला, त्याची अक्षरं म्हणे नुसत्या ठिपक्यांची असतात. हे वाचल्यावर त्यानं सगळा आठवडा फळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं. मनगट सुजलं, पण रस्त्यानं जाणाऱ्या एकाही माणसानं विचारलं नाही की बापा, हे काय? मग त्यानं पेपरासारखे रकाने पाडले. मग रंगीत खडूंची चौकट आली. मग 'नवीन काय' असं एक वेगळं सदर. वर पान क्रमांकही टाकला, पान एकच असताना! दर वेळी नवं रूप दिलं की तो सकाळी मुद्दाम ओट्यावर दात घासत उभा राहायचा. शाळेचे मास्तर येत, मान न वळवता जात. दूधवाले जात. बागेत जाणाऱ्या बायांचा घोळका येई, क्षणभर रेंगाळे आणि पुढे जाई. त्या बाया तर मोजण्यातच नव्हत्या. त्यांच्यातल्या एकीलाही अक्षरओळख नव्हती.

आणि मग ती बातमी आली. दिल्लीत म्हणे टीव्हीच्या पडद्यावर आता लिहिलेली पानं उमटून राहिली. बटन दाबावं आणि पाहिजे ते पान घरबसल्या वाचावं: बातम्या, हवामान, आगगाड्यांच्या वेळासुद्धा. तुळशीरामनं ती बातमी वाचली, परत वाचली, आणि आधी त्याला आनंदच झाला. आपण भिंतीवर जे करतो तेच, पण घराघरात! मग संध्याकाळी पाण्याच्या टाकीवरून खाली उतरताना त्याला संत्र्याचे बागायतदार पुंडलिकराव यांच्या माडीवरचा उंचच उंच अँटेना दिसला, आणि त्या आनंदाची हवाच गेली. आज दिल्ली, उद्या नागपूर, परवा पुंडलिकरावांची ओसरी. मग ही काजळी, हा पाला, हे रोजचं स्टेशनपर्यंत जाऊन येणं, हे कोणासाठी? इतकी वर्षं ओरडून ओरडून सांगितलं आणि एक माणूस 'हूं' म्हणाला नाही. मेल्या, तू भिंतीशी बोलून राहिलास, असं तो स्वतःलाच म्हणाला. हसलासुद्धा. पण रात्री जेवण गेलं नाही.

खतांच्या कंपनीचा माणूस भिंत मागायला आला तो याच दिवसांत. भिंतीचं प्लास्टर जागोजाग सुटलं होतं. कंपनी नवं प्लास्टर करून देणार, वर सगळीभर जाहिरात रंगवणार. अट एवढीच, की सगळी भिंत पाहिजे, फळ्यासकट. एरवी शकुंतला फळ्याला सवत म्हणायची. पण त्या दिवशी नुसती पदराशी चाळा करत राहिली. तुळशीराम हो म्हणाला. आज सौसरहून श्रीधर पेंटर येणार होता. म्हणून पहाटे अंधुक उजेडात तुळशीरामनं शेवटचं लिहायला घेतलं. कधी काढलं नव्हतं इतकं वळणदार अक्षर काढलं. 'हा फळा आजपासून बंद होत आहे. वाचणाऱ्यांचे आभार.' वाचणाऱ्यांचे हा शब्द लिहिताना त्याला थोडी चीडच आली होती, खोटं कशाला सांगा.

आणि कोपऱ्यात ते चाक तसंच राहून गेलं, कालच्या दोन गोट्यांसकट.

ते चाक म्हणजे फळ्याचा भागच नव्हे, असंच तो धरून चालला होता. ते फक्त आईसाठी होतं. आई, लीलाबाई, हंगामात संत्र्याच्या पेट्या भरायला गाडीनं नरखेड-काटोलकडे जायची. नागपूरला दीक्षेच्या गर्दीत तिनं त्याचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि परत येताना वाटभर एकच सांगत होती की माहा पोरगा लिहिणारा माणूस होईल. तो झाला, पण ती स्वतः मात्र अंगठेबहाद्दरच राहिली. त्यानं शिकवायला घेतलं की तिच्या डोळ्यांना पाणी येई, कधी चुलीच्या धुरानं, कधी तशीच. फळा नवा नवा असताना एके दिवशी ती कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "एवढं लिहितोस बापा. माह्यासाठी काय लिहिलं यात?" त्यानं विचारलं, तुले काय पाहिजे? ती म्हणाली, "मले काय दिल्ली-मुंबईचं? गाडी येऊन राह्यली का नाही, तेवढं सांग." तेव्हा त्यानं खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चाक काढलं, आऱ्यांचं, विहारातल्या झेंड्यावर असतं तसं. नुसतं चाक म्हणजे गाडी वेळेवर. आणि लेट असली तर? आईच म्हणाली, "गोटा लाव चाकाखाली. बैलबंडी थांबवतो तसा." थोडी लेट तर एक गोटा, जास्त लेट तर दोन. त्यासाठी तो पहाटे आधी स्टेशनवर जायचा, खिडकीशी वाकून विचारायचा, "तिगाव सोडलं का?" कारण नागपूरकडे जाणाऱ्या गाडीनं तिगाव हे आधीचं स्टेशन सोडलं की मग ती पांढुर्ण्यालाच येते. दुपारच्या गाडीचंही तसंच. लोकांसाठी आकाशवाणी आणि आईसाठी तिगाव, असं त्याचं वाटप होतं.

एकदाच त्या चाकावरून घरात भांडण झालं होतं. रकाने पाडले त्या दिवसांत त्याला उजव्या कोपऱ्यात जागा पाहिजे होती, म्हणून त्यानं चाक डावीकडे वर नेलं. तिसऱ्या दिवशी नदीवरून धुणं घेऊन आली ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच. "चाक कुठं नेलं? कोनाले इचारून नेलं? आधी ठेव जिथल्या तिथं!" तो हसत सुटला होता. अगं, वर आहे, डोळे उघडून पाहा. पण ती ऐकेना. शेवटी त्यानं निमूटपणे रकाने मोडले आणि चाक परत जाग्यावर आणलं. म्हातारीचा हट्ट, असं म्हणून. आई जाऊन दोन पावसाळे झाले. चाक काढायची सवय काही सुटली नाही. रोज पहाटे खिडकीशी वाकून 'तिगाव सोडलं का' विचारताना त्याला वाटे, आपण तिला चहा नेऊन देतोय. म्हणजे आज सकाळी त्यानं लोकांचा निरोप घेतला, आणि आईला मात्र साधं विचारलंदेखील नाही. व्हॉल्वच्या चावीवर रेलून तो उभा राहिला. आणि या अपराधाच्या तळाशी दुसरंच काहीतरी हलत होतं, ज्याला अजून नाव देता येत नव्हतं. देवकाबाईनं ते चाक पाहिलं. पाहिलं, आणि त्यावर विसंबली.

घरी पोचला तर भिंतीपुढे श्रीधर पेंटर बादलीत चुना ढवळत उभा. पलीकडच्या टोकापासून त्यानं एक पांढरा हात मारलाही होता. फळ्याच्या चौकटीपर्यंत येऊन ब्रश थांबला होता. थांबायचं कारण ओट्यावर बसलं होतं. देवकाबाई, मांडीवर गाठोडं, हातात शकुंतलेनं दिलेला चहा, आणि तोंड चालू.

"या बापूले म्हटलं, कोपऱ्याले हात लावशील त तुहा ब्रश नदीत फेकीन."

श्रीधर कसनुसा हसला. "साहेब, मी काई नाई केलं. वाचून राह्यलो होतो फक्त. अक्षर मोठं सुंदर हाय तुमचं. बंद काहून करून राह्यले?"

तुळशीरामला हसावं की रडावं कळेना. त्याचा निरोप ज्यानं वाचला, तो एकटाच माणूस तो पुसायला आला होता. तो ओट्याच्या पायरीवर बसला, देवकाबाईच्या पायांशी, आणि मघाचं गिळलेलं वाक्य त्यानं वेगळ्या तऱ्हेनं बाहेर काढलं. "मावशी, ते चाक त मी मायसाठी काढत होतो. तुले कसं माहीत, गोट्याचं?"

देवकाबाईनं बशी खाली ठेवली. त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं विचारलं असावं, सूर्य कोणत्या बाजूनं उगवतो.

"आता घ्या! तुले काय वाटलं, तुही मायच एकली पाहे ते? अरे, तिनंच त शिकवलं आमाले. नदीवर, धुण्याच्या दगडावर. ओल्या बोटानं दगडावर चाक काढे. म्हणे, माह्या पोरानं लिहिलं हे. नुसतं चाक दिसलं त पळा. एक गोटा असला त भाकर खाऊन निंगा. दोन असले त भाकर थापून, खाऊन निंगा. साऱ्या बायाईले पाठ हाय. वरच्या मोहल्ल्यातल्या, खालच्या मोहल्ल्यातल्या. माह्या वंदनालेही येते. तू एकडाव चाक वरतं नेलं होतं, आठवते का? आमी तिच्यावर तुटून पडलो. तुह्या पोरानं गाडी लपवली म्हटलं! ती म्हणे, थांबा व बायाहो, सांगतो त्याले."

शकुंतला दारात उभी होती. ती खाली पाहत म्हणाली, "मलेही त्याईनंच शिकवलं. लग्न होऊन आली त्याच हप्त्यात."

"तुलेही? मंग मले कोनी काहून नाही सांगतलं?" तो जवळजवळ ओरडलाच. "इतके वर्षं! कोनी एक शब्द नाही बोललं मले!"

"काय सांगाचं त्यात?" देवकाबाई म्हणाली. "नळाले पानी येते, त आमी तुले सांगाले येतो का, का बापा आलं म्हून? नाही येत तवाच येतो ना."

आयुष्यभर नळ सोडणाऱ्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं की! ज्या गल्लीतून बोंब येत नाही तिथं पाणी पोचलं, हाच त्याच्या नोकरीचा हिशोब. व्हॉल्व फिरवून झाल्यावर तो कान देऊन उभा राहायचा तो शिव्यांसाठी, आणि शिव्या आल्या नाहीत की समाधानानं पुढे जायचा. फळ्यापुढे मात्र तो शाबासकीसाठी ताटकळला. ओट्यावर दात घासत उभा असताना जो घोळका क्षणभर रेंगाळायचा, तो रेंगाळायचा कशाला? आता ते तोंडांसकट त्याच्यापुढे उभं राहिलं. मान किंचित उजवीकडे, खाली. मग एकमेकींकडे पाहणं. मग पाय उचलणं, कधी घाईनं, कधी सावकाश. त्याच्या डोळ्यांसमोर रोज वाचन चाललं होतं आणि तो मास्तरांच्या मानेकडे पाहत बसला होता. आणि आई. पाय पाण्यात सोडून, बाहीनं कपाळ पुसत, ओल्या बोटानं दगडावर त्याचं लिहिणं वाचून दाखवणारी. तिला वाचता येत नाही, ही त्याच्या मनातली एक जुनी ठसठस होती. ती तर त्याची पहिली वाचक होती, आणि वर दहाजणींना वाचायला शिकवून गेली होती. त्याचे डोळे भरून आले. लाज होती, बाईची गाडी घालवल्याची चांगलीच लाज होती. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटून येत होतं. किती उपकार आहेत या माणसांचे, असं त्याला वाटलं. या रागावलेल्या म्हातारीचे तर सगळ्यांत जास्त. ती आज न ओरडती तर दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली असती आणि तो जन्मभर भिंतीशी बोललो म्हणत बसला असता.

"रडतोस काय बायकांवानी," देवकाबाई म्हणाली, पण आवाज उतरला होता. "माह्या नातीचं नाव त गेलं ना."

त्या शब्दानं तो भानावर आला. उठला, चपला न घालताच चौकाकडे धावला. तिथं पुंडलिकरावांच्या बागेतली संत्री ट्रकमध्ये चढत होती. पुंडलिकराव स्वतः मफलर गुंडाळून पेट्यांवर नजर ठेवून उभे होते. ट्रक नरखेड-काटोलवरूनच नागपूरला जातो, हे तुळशीरामला माहीत होतं. त्यानं धापा टाकत सगळं सांगायला सुरुवात केली, पण पुंडलिकरावांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"चाकाचा घोटाळा ना? माह्या बागेतल्या बाया सकायपासून तेच बोलून राह्यल्या. आज तुळशीरामचं चाक चुकलं, आज तुळशीरामचं चाक चुकलं! अरे, माहा टीव्ही चार दिवस झाले दिसून नाही राह्यला, त कोणाले पत्ता नाही." ते मोठ्यानं हसले. "आण बाईले. ड्रायव्हरपाशी बसव समोर. काटोलले दुपारच्या आत सोडून देईन तो."

देवकाबाई केबिनमध्ये चढली ती एखाद्या मालकिणीसारखी. गाठोडं मांडीवर घट्ट धरलेलं. तुळशीराम खाली उभा होता, हात जोडावे की काय करावं ते न कळून. त्यानं जोडले. "मावशी, चुकलं माह्यं."

"चुकलं त चुकलं. तुही माय असती त तुले झाडूनं झोडपलं असतं, मी त नुसती बोलली," ती म्हणाली. ट्रक सुरू झाला तशी तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. "दुपारच्या गाडीनं बागेतल्या बाया येऊन राह्यल्या काटोलले, जेवाले. त्याईची नोको चुकवू!"

परत आला तेव्हा श्रीधर बिडी विझवून ब्रश हातात घेत होता. "साहेब, भिंत देता का नाई? कंपनीले काय सांगू?"

"कंपनीले सांगा, भिंत रिकामी नाही."

"आन् प्लास्टर?"

"पडन तितकं पडू द्या," हे शकुंतला म्हणाली, दारातूनच. तुळशीरामनं वळून पाहिलं, तर ती फळ्यासाठी वाटायचा वालाचा पाला निवडत बसली होती, चटणीच्या पाट्यावर. श्रीधरनं बादली उचलली. जाता जाता म्हणाला, "चौकटीवर थोडा चुना उडाला माह्या हातानं. माफ करजा." पुढच्या भिंतीचा मालक कोण, हे विचारत तो निघून गेला.

तुळशीरामनं फडकं भिजवलं आणि आधी ते दोन गोटे पुसले. मग निरोपाच्या ओळी. वाचणाऱ्यांचे आभार, एवढे शब्द त्यानं शेवटपर्यंत राहू दिले. मग तेही पुसले, कारण ते सकाळी चिडून लिहिले होते. पुन्हा लिहिले, साधेच, घाई न करता. मधली बाकी जागा काळी कुळकुळीत, रिकामी. टीव्हीवरच्या पानांची बातमी तिथं लिहायची राहिली होती; रागानं त्यानं ती आजवर लिहिलीच नव्हती. उद्या लिहीन, त्यानं ठरवलं. चांगली बातमी आहे ती. दिल्लीतल्या त्या लोकांना कोणी सांगायला पाहिजे, की त्या पानाच्या कोपऱ्यात एक चाक ठेवा.

मग तो स्टेशनवर गेला. सायकलनं नाही, पायीच, भराभरा. खिडकीशी वाकला. आतल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "आज सकायी नाई आले तुम्ही?"

"चुकलं," तुळशीराम म्हणाला. "दुपारच्या गाडीनं तिगाव सोडलं का?"

"नाई सोडलं आजून. थोडी लेट हाय."

येताना त्याला ती थोडी लेट गाडी तिगावच्या पलीकडे कुठंतरी उभी असलेली दिसत होती, उन्हात, खिडक्यांतून माणसं डोकावून पाहत असलेली. आणि असं कधी झालं नव्हतं, पण तिच्याबद्दल त्याला माया वाटली. घरी येऊन त्यानं खडू घेतला. चाकाचे आरे पुसट झाले होते, ते नव्यानं, एकेक करून ओढले. घरात सांभाळून ठेवलेला पांढराशुभ्र खडू. मग चाकाखाली एक गोटा काढला. एकच. नीट टेकवला, हलणार नाही असा.

मागे रस्त्यावर पावलं आली आणि थांबली. बांगड्यांचा आवाज. तो वळला नाही. खडू कोपऱ्यावरच टेकलेला होता. बायांपैकी कोणीतरी, त्याला नाही, शेजारणीला म्हणालं,

"एक गोटा हाय व. चाल, भाकर खाऊन निंगू."